काळ्या पट्टीत काय लिहिलेले असते?

मागच्या बकरी ईदच्या चार दिवस आधी आम्ही तीन सुऱ्या आणि एक सत्तूर घेऊन इमारतीखाली उतरलो. या दिवसांत धारवाला आमच्या गल्लीत फेरी मारतोच. सुऱ्या त्याच्या हाती दिल्या आणि कागदात गुंडाळलेले एक चुंबक त्याच्या चाकाखाली धरले. त्याने पाय थांबवला.

"बाजी, हे काय करताय?"

"तुमच्या चाकाखालची भुकटी हवी आहे. मुलींना दाखवायची आहे."

तो हसला. म्हणाला, धारेचे पैसे द्या, भुकटी फुकट.

चाकाखाली पडते ती पोलादाची आणि दगडाची मिसळ. कागदाआड चुंबक धरले की पोलादाचे कण तेवढे कागदाला चिकटतात, दगडाची धूळ खालीच राहते. मग वाटीवर कागद धरून आतले चुंबक काढून घ्यायचे. पोलाद वाटीत पडते. वर येऊन आम्ही ते मलमलीच्या फडक्यातून चाळले. एका जुन्या, मुदत संपलेल्या कार्डाच्या पाठीवरील काळ्या पट्टीवर चिमूटभर भुरभुरवले आणि कार्डाला खालून टिचकी मारली. जास्तीची भुकटी उडाली. उरली ती उभ्या, अगदी बारीक रेघांत. कुठे दाट, कुठे विरळ, फणीच्या दातांसारख्या. भिंगातून पाहिल्यावर दहावीतली एक मुलगी ओरडली, "टीचर, हा तर बारकोड आहे!"

बारकोड नव्हता, पण ती फार चुकलीही नव्हती.

सुट्टीत दुपारी जुहर झाली की आठवी ते दहावीच्या सात-आठ मुली आमच्याकडे अभ्यासाला येतात. जेसल पार्कातले आमचे घर खाडीच्या बाजूला आहे. खिडकी उघडी ठेवली तर वारा येतो आणि पुलावरच्या गाड्यांचा आवाजही येतो. मे महिन्यात त्यांच्यापैकी एकीने आमच्या पर्समधले कार्ड उलटे करून विचारले, "समोरची सोनेरी चिप समजली. मागची काळी पट्टी कशाला?" आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला मानसशास्त्र होते, चुंबकशास्त्र नव्हते. "त्यात माहिती असते," एवढेच बोललो. मुलीने मान हलवली; पण उत्तर मिळाले नाही की मुली कशी मान हलवतात ते वीस वर्षे शिकवणाऱ्याला कळते.

उत्तर देऊ शकेल असा एक मुलगा आमच्या घरातच होता. नणंदेचा मुलगा, अम्मींचा नवासा. त्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे. भाईंदर पूर्वेला औद्योगिक गाळ्यांत बिलिंग मशीन दुरुस्त करतो. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटे. तरी तो सात-आठ वर्षांत फक्त ईदला येई, सलाम करी, शीरखुर्मा घेई आणि उठे. का, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट सांगता येणार नाही.

अम्मींचे अडतीस हजार

अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई. मरहूम अब्बांची पेन्शन त्यांच्या खात्यात येते. त्या वेळी त्यांचे कार्ड जुने होते. चिप नव्हती, नुसती पट्टी. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नसे, म्हणून महिन्याला पैसे काढायला नवासा जाई. तो दहावीत होता. पिन त्याला तोंडपाठ.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पासबुक भरून आणले तेव्हा एका रात्रीत तीनदा दहा हजार आणि एकदा आठ हजार काढलेले दिसले. समोर फक्त एटीएमचा सांकेतिक क्रमांक. मोबाइलवर संदेश आला नव्हता, कारण खात्याला अब्बांचा नंबर जोडलेला होता आणि तो त्यांच्या इंतकालानंतर बंद पडला होता. पैसे गेल्याला सोळा दिवस झाले होते.

बँकेत आम्ही अम्मींसोबत गेलो. काउंटरवरच्या माणसाने यंत्रात पाहिले आणि म्हणाला, "कार्ड वापरले गेले आहे, पिनही बरोबर टाकला आहे. पिन कोणाला सांगितला होता का?"

अम्मी खोटे बोलत नाहीत. म्हणाल्या, "माझ्या नातवाला."

त्याने पुढे काही म्हटले नाही. आमच्याकडे पाहिले आणि पासबुक परत सरकवले. घरी येईपर्यंत रिक्षात कोणी बोलले नाही. आमच्याही मनात तेच आले होते, हे आज लिहून टाकतो. मुलगा मोठा होतोय, मित्र आहेत, मोबाइल हवा असेल. दोन दिवसांनी तो नेहमीसारखा आला. अम्मींनी आवाज चढवला नाही की काही विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, "बेटा, यापुढे पैसे काढायला मी आणि तुझी मुमानी जाऊ." मुलगा दाराशी उभा होता. बूटही काढले नव्हते. तसाच परत गेला.

ज्या गोष्टी तेव्हा माहीत असायला हव्या होत्या त्या इथे सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजीच, म्हणजे आमच्या प्रकाराच्या चार महिने आधी, परिपत्रक काढले होते. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, अशा वेळी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकाचे काहीच जात नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त दहा हजारांचा तोटा सोसावा लागतो. त्यानंतर मात्र बँकेचे जे धोरण असेल ते. आणि चूक ग्राहकाचीच आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. आम्ही लेखी तक्रारसुद्धा केली नव्हती. काउंटरवर एका नजरेने गप्प झालो. आज असे काही घडले तर १९३० हा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे. पहिला फोन तिथे आणि बँकेला, नातेवाइकांना नंतर. आणि मोबाइल नंबर बदलला, बंद झाला, घरातले कोणी गेले, तर बँकेतला नंबर त्याच आठवड्यात बदलून घ्यावा. पिन घरातल्यांनाही सांगायचा नसतो, हेही खरेच. तो आम्ही सांगितला होता.

इस्त्रीने चिकटलेली पट्टी

तर मुलींच्या प्रश्नासाठी आम्ही भाच्याला फोन केला. "मुमानी, येतो," म्हणाला आणि रविवारी आला. अम्मी आतल्या खोलीत होत्या. सलामाला जवाब दिला, बाहेर आल्या नाहीत.

त्याने मुलींना आधी पट्टीची जन्मकथा सांगितली. ती इतकी घरगुती आहे की वाचकांनाही आवडेल. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आयबीएम कंपनीचा फॉरेस्ट पॅरी नावाचा इंजिनिअर सरकारी गुप्तहेर खात्याच्या कर्मचाऱ्यांसाठी ओळखपत्र बनवत होता. टेपरेकॉर्डरमध्ये असते तशी चुंबकीय फीत प्लास्टिकच्या कार्डावर चिकटवायची होती. कोणताही गोंद लावला की फीत सुरकुते किंवा चिकटा फितीवर पसरून लिहिलेले वाचता येईना. वैतागून घरी आला. बायको कपड्यांना इस्त्री करत होती. तिने अडचण ऐकली आणि म्हणाली, इस्त्रीने चिकटवून बघू. इस्त्रीची उष्णता नेमकी पुरेशी ठरली: फीत कार्डात बसली, पण जळली नाही. पुढची कित्येक दशके जगभरच्या बँका त्या इस्त्रीच्या जोरावर चालल्या. आपल्याकडे एटीएम आले ते १९८७ मध्ये, एचएसबीसी बँकेने मुंबईत बसवले. तेव्हाही कार्डामागे हीच पट्टी.

पट्टीत खरे तर एकाखाली एक तीन वाटा असतात, प्रत्येक वाट जेमतेम तीन मिलिमीटर रुंद. पहिल्या वाटेत अक्षरे आणि आकडे मिळून ७९ चिन्हे मावतात, त्यात खातेदाराचे नावही असते. दुसरीत फक्त आकडे, ४० पर्यंत. तिसरी बँकेच्या कार्डांवर बहुधा वापरलीच जात नाही. आम्हाला कामाची होती दुसरी.

मुली म्हणाल्या, आम्हाला ती वाचायची आहे. बोलता बोलता ठरले की आमच्या दुपारच्या वर्गासाठी हजेरीचे यंत्र करायचे. प्रत्येकीने एक जुने कार्ड आणायचे, आल्यावर ओढायचे, नाव उमटेल. भाच्याने पहिलीच अट घातली. कार्ड स्वतःच्या घरचे, बंद पडलेले, आणि आईवडिलांना विचारून आणलेले. दुसऱ्याच्या कार्डाचा क्रमांक लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मुलींनी मॉलच्या गेम झोनची कार्डे आणली, कपड्यांच्या दुकानाची भेटकार्डे आणली. समोरच्या शेजारीण बेननी हॉटेलच्या खोलीची दोन कार्डे दिली. परत करायची राहून गेली होती म्हणे.

पाच तारा

पहिला घोटाळा आमचाच. उत्साहात आम्ही यूएसबीचा कार्ड रीडर मागवून बसलो. लॅपटॉपला लावून कार्ड ओढले तर नोटपॅडमध्ये आकडे आपोआप टाइप झाले. वाटले, झाले काम. भाचा म्हणाला, "मुमानी, हा स्वतःला कीबोर्ड समजतो. आपल्या बोर्डाला चालणार नाही." आपला बोर्ड म्हणजे आर्डुइनो उनो. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली बोर्डांची मालिका, त्यातला हा सर्वांत प्रसिद्ध. हाताच्या तळव्याएवढा, शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली दर तिसऱ्या टेबलावर दिसतो तोच. त्यावरचे यूएसबीचे तोंड लॅपटॉपचा हुकूम ऐकण्यासाठी आहे, दुसऱ्याला हुकूम देण्यासाठी नाही. यूएसबी रीडर आणि उनो जोडणे म्हणजे दोन कारकून समोरासमोर बसवणे. साहेब कोणीच नाही.

म्हणून शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण इलेक्ट्रॉनिक्स घेणारा प्रत्येक जण लॅमिंग्टनच म्हणतो. काढून ठेवलेल्या जुन्या यंत्रातला एक उघडा रीडर मिळाला. खाच असलेली एक पट्टी आणि बाहेर लोंबणाऱ्या पाच तारा. बोर्ड आणि जोडतारा धरून हजाराच्या आत भागले.

पाच तारांचे काम असे. एक पाच व्होल्टची. एक ग्राउंडची. तिसरी सांगते की कार्ड खाचेत आले आहे. चौथी घड्याळाची, म्हणजे दर ठोक्याला "आता बघ" म्हणणारी. पाचवीवर त्या ठोक्याचे उत्तर असते, शून्य की एक. रंगांवर विसंबू नये. प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. रीडरवरचा क्रमांक शोधून त्याचा कागद पाहावा, मगच तार लावावी. पाच व्होल्ट उलटे गेले तर रीडर संपला.

घड्याळाची तार उनोच्या दोन नंबरच्या पिनला जाते. उनोवर दोन आणि तीन या दोनच पिना अशा आहेत की बाहेरून इशारा आला की बोर्ड हातातले काम सोडून तिकडे पाहतो. भाचा तारा लावता लावता मुलींना मोठ्याने सांगत होता, "पिन दोन... डेटाची पिन चार... पिन तीन..." आतून अम्मींचा आवाज आला, "अरे, पिन नंबर असा मोठ्याने सांगतात का!" मुली हसून लोळल्या. भाचा हसला नाही. त्याने मान खाली घालून तारा लावल्या.

पहिल्या दिवशी काही वाचले गेले नाही. पडद्यावर नुसता कचरा. कारण सापडायला तास गेला. रीडरला वीज आम्ही मोबाइलच्या चार्जरमधून दिली होती आणि बोर्डाला लॅपटॉपमधून, पण दोघांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेच नव्हते. एकाचे शून्य दुसऱ्याला शून्य वाटत नव्हते. चार्जर काढला, रीडरची वीज आणि ग्राउंड दोन्ही बोर्डावरूनच घेतले, तेव्हा पहिल्यांदा शून्य-एकच्या रांगा आल्या.

मधल्या वेळात मुलींना प्रश्न पडला की कोणी कार्ड हळू ओढते, कोणी झटकन, मग यंत्राला वेग कसा कळतो? याचे उत्तर आम्ही गच्चीवर टाळ्यांनी दिले. शिकवण्याचे काम शेवटी आमचे. सगळ्यांनी ठेक्यात टाळी द्यायची. दोन टाळ्यांच्या मध्ये काही नाही, तर शून्य. मध्ये जादा टाळी पडली, तर एक. ठेका हळू धरला तरी कळते, जलद धरला तरी कळते, कारण आधीच्या टाळ्यांवरून कान ठेका पकडतो. म्हणूनच पट्टीच्या सुरुवातीला नुसती शून्ये असतात, ठेका पकडण्यासाठी. कार्डावर टाळीच्या जागी चुंबकाची दिशा बदलते. भुकटीत दिसलेल्या रेघा त्याच. दुसऱ्या वाटेत एका इंचाला ७५ खुणा, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण तीन. खालच्या मजल्यावरून टाळ्यांबद्दल तक्रार आली, ती निराळी.

मग दुसरी अडचण. रांगा येत होत्या, पण मधली शून्ये-एक गळत होती. भाच्याने लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्येक ठोक्याला लगेच उत्तर लॅपटॉपवर छापत होता, प्रत्येक बिट नव्या ओळीवर. ९६०० च्या वेगाने एक चिन्ह पाठवायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. आकडा आणि ओळ बदलण्याची दोन चिन्हे मिळून तीन. आणि अर्ध्या सेकंदात कार्ड ओढले तर अडीचशेच्या आसपास बिट येतात, म्हणजे दर दोन मिलिसेकंदांना एक. दोनात येणारे पाहुणे आणि तीनात वाढणारा. दाराशी गर्दी होऊन काही परत जाणारच. त्याने प्रोग्रॅम बदलला. ठोका आला की बिट फक्त रांगेत ठेवायचे; कार्ड खाचेतून बाहेर गेल्याची तिसऱ्या तारेने खबर दिली की मग सगळे एकदम छापायचे. आणि या रीडरमध्ये तार खाली गेली की "एक" धरायचा, वर असली की "शून्य". उलटे धरले तर काहीच जुळत नाही. हे त्याला माहीत होते, आम्हाला दोन दिवसांनी पटले.

यानंतरचे काम मुलींनी चौकटीच्या वहीत हाताने केले. आमच्या मते सगळ्या प्रकारात हाच भाग सर्वांत सुंदर होता. रांगेत आधी ११०१० शोधायचे. ती सुरुवातीची खूण. तिथून पुढे पाच-पाचचे गट. गटातले पहिले चार म्हणजे आकडा. पहिल्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८. पाचवा पहारेकरी, गटातल्या एकांची संख्या विषम भरेल असा तो ठेवलेला असतो. १११०० म्हणजे १ अधिक २ अधिक ४, सात. १०१०१ म्हणजे पाच. १११११ आले की शेवट. कुठल्याही गटात एकांची संख्या सम निघाली की वाचताना चूक झाली, पुन्हा ओढा. आठवीतल्या मुलीने गेम झोनच्या कार्डाचा क्रमांक असा एकेक गट सोडवून काढला आणि तो कार्डावर छापलेल्या क्रमांकाशी जुळला. ती उठून उभीच राहिली. एका मुलीचे एकही गट जुळेना. तिने कार्ड उलट्या दिशेने ओढले होते आणि सगळी रांग शेवटाकडून सुरुवातीकडे आली होती. रांग उलटी लिहिल्यावर जुळली.

डब्यातले कार्ड

दुसऱ्या शनिवारी हजेरीचे यंत्र चालू झाले. मुली एकेक येऊन कार्ड ओढत होत्या, नावे उमटत होती. अम्मी केव्हा बाहेर येऊन खुर्चीत बसल्या ते आम्हाला कळले नाही. मुली गेल्यावर त्या आत गेल्या आणि अब्बांच्या पेन्शनच्या कागदांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यातून एक कार्ड काढले. जुने, तेच. मुदत कधीच संपलेली. ते त्यांनी भाच्यापुढे धरले.

"हेही वाचेल का?"

तो कार्डाला हात लावेना. "नानी, तुम्हीच ओढा."

पहिल्यांदा त्यांनी फार हळू ओढले, मध्येच थांबल्या. काही आले नाही. दुसऱ्यांदा नीट ओढले. पडद्यावर एक ओळ उमटली. सोळा आकडे, मग बरोबरीची खूण, मग चार आकडे, मग आणखी काही. अम्मींनी चष्मा लावला आणि कार्डावरच्या उठावदार आकड्यांवर बोट ठेवत एकेक ताडून पाहिला. सगळे तेच. त्यापुढचे चार आकडे म्हणजे मुदत संपण्याचे वर्ष आणि महिना.

"एवढंच? याला कुलूप नाही?"

"नाही नानी. या पट्टीवर कुलूप नसतंच. जो कोणी ओढील त्याला वाचता येतं." मग तो थोडा थांबून म्हणाला, "पिन यात नसतो. पण एटीएमच्या तोंडावर असाच रीडर चिकटवला आणि आकड्यांच्या वर छोटा कॅमेरा लावला, की दोन्ही मिळतं. कार्ड आपण परत पर्समध्ये ठेवतो. ते कुठे जात नाही. नक्कल जाते."

"म्हणजे माझं कार्ड माझ्या डब्यात असताना?"

"हो."

आम्हीही तिथेच बसलो होतो. आमच्याकडे कोणी पाहिले नाही, पण पाहिले असते तर बरे झाले असते.

भाचा बोलत राहिला, जणू गप्प बसणे त्याला अवघड जात होते. मुदतीनंतरच्या पहिल्या आकड्यावर त्याने बोट ठेवले. तिथे १ होता. १ म्हणजे चिप नसलेले कार्ड. नव्या कार्डांवर त्या जागी २ किंवा ६ असतो, आणि तो पाहिला की यंत्राने पट्टीवर न थांबता चिप मागायची असते. चिप दर व्यवहाराला नवा संकेत तयार करते, तो चोरून पुन्हा चालत नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सगळी जुनी कार्डे बदलायला लावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये नेले. त्यातला मोठा भाग नक्कल केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत काढला गेला. पट्टी अजूनही कार्डांच्या पाठीवर आहे, कारण जगात कुठेतरी जुनी यंत्रे आहेत. मास्टरकार्डने २०३३ पर्यंत ती पूर्ण काढण्याचे जाहीर केले आहे.

अम्मींनी २०३३ ऐकले की नाही कोण जाणे. त्या पडद्यावरच्या ओळीकडेच पाहत होत्या. अडतीस हजार कोणी नेले, आमच्या कार्डाची नक्कल कुठल्या यंत्रावर झाली, हे काही त्या ओळीत लिहिलेले नव्हते.

"तू तेव्हा बोलला का नाहीस?" त्यांनी विचारले.

"तुम्ही विचारलं नव्हतं, नानी."

बराच वेळ कोणी बोलले नाही. पुलावरून एक गाडी गेली. मग अम्मी म्हणाल्या, "कैची आण." आम्ही आणली. भाच्याने पडद्यावरची ओळ पुसली. अम्मींनी जुने कार्ड स्वतः कापले, पट्टीवरून आडवे, मग उभे, मग आणखी बारीक.

तुकडे कागदात बांधून झाल्यावर त्यांनी कमरेच्या बटव्यातून नवे कार्ड काढले आणि भाच्याच्या हातावर ठेवले. "जा, दोन हजार काढून आण. ईदचं सामान आणायचंय. पिन..."

"नानी, पिन सांगू नका. कोणालाच नाही."

अम्मी त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग खुर्चीच्या हाताला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "मग मला खाली घेऊन चल."

लिफ्ट त्या दिवशी बंद होती. दोन मजले उतरायला त्यांना दहा मिनिटे लागली असतील. एकेका पायरीवर थांबत, एक हात कठड्याला आणि एक त्याच्या खांद्यावर. आम्ही दाराशी उभे राहून ऐकत होतो. पहिल्या मजल्यावर पोहोचल्यावर अम्मी त्याला विचारत होत्या, तुझ्या त्या गाळ्यात दुपारचं जेवण कोण देतं?

आम्ही आत येऊन तांदूळ धुवायला घेतले, एक वाटी जास्तीचे.